गेवराई काही लांब नाही

१ जानेवारी

आजपासून सायकल. ठरलं. वय एकसष्ट. वजनकाटा नादुरुस्त आहे. उत्साह भरपूर.

सायकल हे माझं आयुष्यभराचं वेड. कॉन्व्हेंटमध्ये असताना मी आणि रुबीनाने सगळं औरंगाबाद सायकलवर पालथं घातलं. पॅडल रुबीना मारायची. मी मागे कॅरिअरवर बसून रस्ता सांगायचे आणि दोघींची दप्तरं सांभाळायचे. मेहनत सारखीच. सिस्टर अगाथा म्हणायच्या, सायकलवर पाठ ताठ हवी. माझी कायम ताठ असे. रुबीनाची वाकायची, चढावर तर फारच.

लग्न होऊन माजलगावला आले आणि सायकल सुटली. वेड सुटलं नाही.

निमित्त असं झालं. काल संध्याकाळी रुबीनाचा फोन आला. गेवराईचं घर बंद करून ती कायमची हैदराबादला चालली आहे. तिचा मुलगा इरशाद तिकडे नोकरीला आहे. तो गाडी घेऊन येणार आणि आठ फेब्रुवारीला, रविवारी, तिला घेऊन जाणार. भाईजान (तिचे मिस्टर) गेल्यापासून ती एकटीच आहे, त्यामुळे बरोबरच आहे. मी तसं म्हटलंही. फोन ठेवल्यावर भाजी करपली.

इतक्या वर्षांत रुबीना माझ्याकडे किती वेळा आली याची गणतीच नाही. बाळंतपणात आली. सासूबाई गेल्या तेव्हा आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उशाशी बसून तिने सिस्टर अगाथांची अशी नक्कल केली की डॉक्टरांनी तिला बाहेर काढलं. मी तिच्याकडे एकदाही गेले नाही. निघायचे दर वेळी, आणि दर वेळी काहीतरी यायचं. गेवराई जवळ आहे ना, कधीही जाता येतं.

आता जाणार. ती निघायच्या आत. आणि सायकलवर. यष्टीने कुणीही जातं.

यांना सांगितलं. (हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. घरातली देखरेख चालू आहे.) म्हणाले, "अगं, हैदराबादचा रस्ता आपल्याच दारावरनं जातो. जाताना थांबंल की ती. कावून एवढा कुटाणा?"

म्हणजे पुन्हा तीच येणार. आणि मी दारात उभी राहून हात हलवणार. पुरुषांना काही गोष्टी समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

३ जानेवारी

पाशाभाईंच्या दुकानातून सायकल आणली. लेडीज, गुलाबी, पुढे टोपली. आधीच सांगितलं की मी जुनी सायकलिस्ट आहे, नवशिक्यांचं मॉडेल दाखवू नका. म्हणाले, "ते तर तुमच्या उभं राहण्यावरूनच कळालं, मॅडम. ही सायकल न्हाई, घोडी हाय घोडी. तुमी नुसतं बसा, बाकी तिला ठावं हाय."

विचारलं, गेवराईपर्यंत जाईल ना?

"गेवराई? मक्केपर्यंत जाईल. मधी पाणी हाय म्हणून, न्हाईतर."

जाणकार माणूस. दुकानापासून घरापर्यंत सायकल हातात धरून आणली. पहिल्या दिवशी वाहनाशी ओळख व्हावी लागते. हे दारातच होते. म्हणाले, "पंक्चर झाली का?"

५ जानेवारी

पहाटे धुकं. सायकलिंगला धुकं वाईट.

६ जानेवारी

धुकं नाही. ऊन थेट डोळ्यांवर. सायकलिंगला ऊन वाईट.

७ जानेवारी

आज प्रत्यक्ष रस्ता.

यांचं साइटवरचं पिवळं हेल्मेट घातलं. धरणाच्या कामावरचं आहे, मजबूत. पाठ ताठ केली आणि निघाले. कॉलनीच्या उतारावर बॅलन्स उत्तम. उतार संपला तिथे माझे आणि सायकलचे जरा मतभेद झाले. पुढे कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, वर मोळ्या रचलेल्या, मागे उसाचे शेंडे लोंबताहेत. मी ब्रेक शोधत होते, तेवढ्यात एक ऊस अगदी हाताशी आला. तो धरला.

काय वेग आला! हेल्मेटच्या बाहेरचे सगळे केस उडत होते. पॅडल मारायची गरजच पडेना, हे चांगल्या टेक्निकचं लक्षण. मग ऊस मोळीतून सुटला. ट्रॅक्टर पुढे गेला. मी ऊस घेऊन मागे राहिले, रस्त्यावर बसलेल्या स्थितीत.

ट्रॉलीवर बसलेली एक ऊसतोडणीवाली ओरडली, "ओ आजी, ऊस पायजे होता तर मागायचा की! एवढं कावून पळायचं?" आणि आणखी दोन ऊस खाली टाकले. इकडची माणसं प्रेमळ.

घरी आले. हे ऊस बघून म्हणाले, "बाजाराला गेलती का?"

१० जानेवारी

गुडघ्यांना तिळाचं तेल. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग असतो.

मोबाइलवर पाहिलं की परदेशातले मोठमोठे सायकलपटू प्रॅक्टिस घरातच करतात. एका जागी. मग आम्हीच का रस्त्यावर पडावं? सायकल ओसरीत आणली, डबल स्टँडवर लावली, टीव्हीसमोर. मागचं चाक छान फिरतं. कुत्री मागे लागत नाहीत. दुपारच्या मालिकेचा एक भाग म्हणजे एक मुक्काम, असं धरायचं.

टार्गेट गेवराई घेतलं नाही. तिथे खरंच जायचं आहे, आधीच कशाला उष्टं करा. तुळजापूर घेतलं. लांबचं केलं की जवळचं आपोआप होतं.

१२ जानेवारी

धारूरचा घाट. भयंकर चढ. मालिकेत सुनेला घराबाहेर काढलं तिथेच दम लागला. मग रीतसर उतरून चालत गेले: ओसरीतून अंगणात, तुळशीला वळसा, परत ओसरीत. घाट संपल्यावर पुन्हा सीटवर. फसवाफसवी आपल्याला जमत नाही.

हे म्हणाले, "घाटात चहा मिळतो का?"

करून दिला.

१५ जानेवारी

केज ओलांडलं. कळंबच्या अलीकडे लाइट गेली, मालिका बंद. नाइलाजाने तिथेच मुक्काम.

१७ जानेवारी

वारा विरुद्ध दिशेने. यांनी टेबलफॅन माझ्याकडे केला होता.

१९ जानेवारी

तुळजापूर!

शेवटच्या चढावर पाय थरथरत होते. सायकलवर बसूनच देवीला हात जोडले. खरोखर डोळे भरून आले. या वयात हे सगळ्यांना जमत नाही.

रुबीनाला फोन करून सगळं सांगितलं, स्टँडसकट. ती इतकी हसली की तिला पाणी प्यायला जावं लागलं. म्हणाली, "ए मोहने, मग गेवराईला बी तशीच ये ना. मी इथं चहा ठेवते, तू तिथं पी."

मग म्हणाली, सामान बहुतेक बांधून झालं. बदामाच्या झाडाखालच्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत बांधणार नाही. "एक माझी, एक तुझी. लग्नापास्नं तुझी रिकामीच हाय, त्यावर मांजर बसते."

मी म्हटलं, मांजराला सांगून ठेव.

२२ जानेवारी

घरी हळदीकुंकू. शेजारची सुनिता ओसरीतली सायकल बघून म्हणाली, काकू, हे काय नवीन? सहज बोलून गेले की परवाच तुळजापूर केलं. तिने विचारलं, कशावर? म्हटलं, सायकलवर. यात एकही अक्षर खोटं नाही.

सुनिता खाली वाकून पायाच पडली. मग सगळ्याच पडल्या. मी म्हणत होते, अगं, ते घरच्या घरी केलं मी. सुनिता म्हणाली, "घरूनच निघावं लागतं काकू, आमचं तेच तर व्हत न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या.

मग तुळजापूरचं कुंकू मागितलं. दिलं. कुंकू तुळजापूरचंच आहे. नणंदेने आणलेलं, जरा जुनं आहे इतकंच.

२५ जानेवारी

चौकात माझं फ्लेक्स लागलं आहे.

सत्यम म्हणून कॉलनीत एक आहे, त्याचं मित्रमंडळ आहे, नगरपरिषदेला उभं राहायचा विचार आहे. त्याने लावलं. ‘माजलगाव ते तुळजापूर सायकलवारी! रणरागिणी मोहिनीकाकूंचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे चेहरे, गॉगल लावलेले. वर मी. म्हणजे डोकं माझं, सुनिताकडच्या लग्नाच्या फोटोतलं, आणि खाली कुणा परदेशी रेसरचं धड. पाय छान आले आहेत.

सत्यमला म्हटलं, अरे, थोडा गैरसमज आहे. तो म्हणाला, "काकू, तुमी लई नम्र हाव. म्हणूनच तर लोक मानत्यात."

हे चौकात जाऊन बघून आले. मग म्हणाले, "धारूरच्या घाटातला चहा चांगला होता, एवढं खरं हाय."

२८ जानेवारी

लोक येताहेत. एका सुनेने बाळ माझ्या पायावर घातलं. पाशाभाई स्वतः येऊन चाकांत हवा भरून गेले. दुकानावर पाटी लावली आहे म्हणे: ‘तुळजापूर फेम सायकल येथे मिळेल.’

प्रॅक्टिसला वेळ मिळत नाही. प्रसिद्धीचा हा तोटा असतो.

१ फेब्रुवारी

फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत गेवराईला पोचला. रुबीनाचा फोन. पहिला प्रश्न, "पाय कुणाचे गं?"

दुसरा प्रश्न, "येतेस ना?"

म्हटलं, येते म्हणजे येतेच.

४ फेब्रुवारी

महत्त्वाचा दिवस. घरापासून कॉलनीच्या गेटपर्यंत आणि परत. न पडता. मी आणि दोन्ही चाकं एकाच दिशेने, पहिल्यांदाच. वाऱ्यात गुळाचा वास. मी ओरडलेच जरा. गेटवरचे वॉचमन उभे राहिले.

आता गेवराई काय, हेच थोडं जास्त वेळ करायचं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्लॅन पक्का. उद्या, शनिवारी पहाटे निघायचं. वाटेत थांबत थांबत दुपारपर्यंत गेवराई. रात्री रुबीनाकडे मुक्काम. रविवारी ती निघाली की परत. डब्यात धपाटे आणि तिळाची चटणी. रुबीनाला माझे धपाटे आवडतात, जाड असतात तरी.

संध्याकाळी: सत्यम आला होता. म्हणाला, "काकू, उद्या न्हाई, परवा निघा. झेंडा दाखवायला साहेब येणार हायती. शनिवारी ते बीडला हायती." म्हटलं, अरे, माझी मैत्रीण रविवारी जाणार आहे. म्हणाला, "दोनच्या आत पोचवतो काकू, माझी जिम्मेदारी. मांडव सांगितलाय. पुढच्या फाट्यावर आसाराम सरपंचानं बी मांडव घातलाय. डीजे सांगितलाय. तुमी फकस्त हो म्हणा."

डीजे सांगितल्यावर माणूस काय म्हणणार?

हिशेब केला. रविवारी सकाळी सहाला निघाले की अकराला गेवराई. रुबीना जेवून निघणार. दोन-तीन तास मिळतात. पुष्कळ झाले.

हे म्हणाले, "मी सांगतो, उद्या यष्टीत बस. रात्रभर बोलत बसा दोघी. झेंडा मी बघून घेतो."

पण फ्लेक्सवर सायकल आहे. यष्टी नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

चेन, ब्रेक, टोपली, सगळं ओके. साडीऐवजी पंजाबी ड्रेस. हेल्मेट पुसलं. रुबीनाला सांगितलं, अकराला चहा ठेव. ती म्हणाली, "इरशाद आलाय. त्याला सोमवारी ड्यूटी हाय गं. मी दुपारपर्यंत थांबवते त्याला, जास्त न्हाई थांबायचा. खुर्च्या हायत अजून झाडाखाली."

आज लवकर झोपते. उद्या या वेळेपर्यंत मी गेवराईला जाऊन आलेली असेन.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

नीट क्रमाने लिहिते.

सहाला चौकात हजर. सायकलला झेंडूच्या माळा. हँडल फिरेना म्हणून दोन काढायला लावल्या. साहेब आले नव्हते. सात वाजले. साहेब निघाले होते. आठ वाजले. साहेब वाटेत होते. साडेनऊला कळलं की साहेब वाटेतच दुसरीकडे वळले. मग सत्यमनेच झेंडा दाखवला. आधी स्वतःच्या मोबाइलकडे, मग मला.

निघताना धपाट्यांचा डबा घरीच राहिल्याचं लक्षात आलं. परत जायला वेळ नव्हता.

चालवलं मी. हे लिहून ठेवते, कारण नंतर मलाच खरं वाटणार नाही. वस्ती संपेपर्यंत मी ती सायकल चालवली, एकटीने, पाठ ताठ, पुढे सत्यमच्या पोरांच्या मोटारसायकली, मागे उसाचे ट्रॅक्टर. पण दर चार पावलांवर सत्कार. पेट्रोल पंपावर शाल आणि नारळ. खताच्या दुकानासमोर शाल आणि नारळ. वॉशिंग सेंटरवर फेटा. हेल्मेट काढू का विचारलं, तर म्हणाले, असू द्या, वरूनच बांधतो. नारळ टोपलीत. टोपली भरली तशी सायकल नारळांच्या मताने जाऊ लागली. शाली कॅरिअरवर. उन्हात चार शाली पांघरून सायकल कशी चालवायची, हे सिस्टर अगाथांनी शिकवलं नव्हतं.

साडेअकराला रुबीनाचा फोन. "कुठंपर्यंत आलीस?" म्हटलं, वाटेत आहे. "वाट कुठंपर्यंत आलीय?" म्हटलं, तू थांब, निघू नकोस. मागे डीजे सुरू झाला, पुढचं ऐकूच आलं नाही.

आसाराम सरपंचांचा मांडव पहिल्याच फाट्यावर. अर्ध्या रस्त्यावर घातलेला. मंचावर लाल सोफा. मला हात धरून वर बसवलं. भाषणं सुरू झाली. पहिल्या वक्त्याने मला तुळजापूरला पोचवलं, दुसऱ्याने पंढरपूरला, तिसरे थेट ऑलिम्पिकवर गेले. घड्याळात एक वाजून गेला होता. मी सत्यमला खुणावत होते, तो मला थंड पाणी पाठवत होता.

दोनच्या सुमारास रस्ता पार तुंबला. दोन्हीकडे ट्रॅक्टर. त्यांत एक पांढरी कार अडकलेली, हॉर्नवर हॉर्न. कारचं दार उघडून काळा बुरखा घातलेली एक बाई उतरली आणि तोंडाचा पट्टा सोडतच थेट मंचाकडे आली. "रस्ता काय तुमच्या अब्बाचा हाय का? कुणाचा कार्यक्रम हाय हा?"

सत्यम म्हणाला, "मावशी, तुळजापूरवाल्या सायकलकाकूंचा."

रुबीनाने वर पाहिलं. फेटा, फेट्याखाली पिवळं हेल्मेट, त्याखाली हार, त्याखाली शाली. मी हात वर केला.

ती खालीच उभी राहून हसायला लागली. मीही. हार हलत होते. हसता हसता तिने बुरख्याच्या बाहीने डोळे पुसले. माझ्या डोळ्यांत हळदीकुंकू गेलं होतं.

निवेदकाने विचारलं, आपण कोण? ती म्हणाली, हिची मैत्रीण, गेवराईहून आले. झालं. "गेवराईहून खास सत्कारासाठी उपस्थित!" म्हणून माइकवर जाहीर केलं आणि तिला वर घेतलं. प्रमुख पाहुणे याही मांडवात आले नव्हते. तिला माझ्या शेजारी सोफ्यावर बसवलं आणि माझा मुख्य सत्कार तिच्याच हस्ते ठेवला.

शाल घालताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "ती पाण्याची टाकी दिसते ती कोणत्या गावाची गं?"

म्हटलं, आमच्या कॉलनीची.

"बरीच लांब आलीस."

मग पुन्हा भाषण. बोलता येईना. माइक मोठा, माणसं समोर. शालीखाली तिने माझा हात धरला आणि चौथ्या वक्त्याचं पूर्ण भाषण होईपर्यंत सोडला नाही. तिचा हात खरखरीत झाला आहे, बांधाबांध करून. नखात सुतळीचा तुकडा अडकलेला. मला बरंच काही सांगायचं होतं. वक्ते ऊर्जा आणि प्रेरणा यांवर बोलत होते.

निवेदकाने तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. तुळजापूरचं खरं काय ते सबंध जिल्ह्यात तिला आणि यांना, दोघांनाच माहीत. ती माइकसमोर गेली. म्हणाली, "मी हिला लहानपणापासून ओळखते. ही निघाली म्हणजे पोचली समजा. माझ्याकडे किती वर्षांपासून निघालेली हाय." टाळ्या. लोकांना फार आवडलं.

खाली इरशाद घड्याळ दाखवत होता. पोरांनी कारपुरता रस्ता मोकळा केला. रुबीना उठली. मीही उठले. सत्यमने खांदे धरून मला खाली बसवलं, "काकू, आभार राहिलेत." आणि मी बसले. कार्यक्रम संपेपर्यंत जागेवरून उठायचं नाही, ही सिस्टर अगाथांची शिस्त. सोफ्याचं प्लास्टिक पायांना चिकटलं होतं. कार ट्रॅक्टरांमधून वाट काढत माजलगावकडे गेली. मंचावरून उसामागे दिसेनाशी होईपर्यंत दिसत होती.

आभार बराच वेळ चालले. साहेबांचेही मानले, न आल्याबद्दल.

घरी टेम्पोने आले. सायकल, नारळ आणि मी. हे ओसरीत बसले होते. समोर दोन कप.

म्हणाले, "रुबीना आलती. चहा घेतला. धपाटे बांधून दिले तिला."

विचारलं, किती वेळ होती?

"अर्धा तास तरी. पोरगं हॉर्न वाजवून दमलं. तू येशील म्हणून बसलती."

मी फेटा सोडत बसले. फार लांब असतो तो. यांनी एक टोक धरलं. माणूस वाईट नाही.

९ फेब्रुवारी

अंग दुखतंय. नारळांचं काय करायचं?

११ फेब्रुवारी

सायकलकडे पाहिलं नाही. सत्यम विचारून गेला, पुढची राइड कुठली. सांगितलं, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे.

१५ फेब्रुवारी

रुबीनाचा फोन. सातवा मजला. खिडकीतून समोरच्या खिडक्या दिसतात. धपाटे पुरवून पुरवून खाल्ले, काल संपले. इरशाद आणि सून सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. म्हणाली, "सगळं चांगलं हाय गं. लिफ्ट हाय, गरम पाणी हाय. फक्त इथं मला जायला कुणाचं दार न्हाई."

मग दोघीही गप्प. रेंज होती.

म्हटलं, मी येते.

तिने कशावर ते विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "ये."

१६ फेब्रुवारी

हैदराबादचं रिझर्वेशन केलं. बसचं. हे म्हणाले, "मी बी येऊ का?" म्हटलं, नको. एवढ्या लांबच्या राइडआधी रस्ता एकदा स्वतः पाहून ठेवावा लागतो. चढ कुठे, उतार कुठे, पाणी कुठे मिळेल. म्हणून मुद्दाम खिडकीची सीट मागून घेतली.

बस रात्रीची आहे. बाहेर काहीच दिसणार नाही. चालेल.